दादर कोणत्या रकान्यात लिहायची?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळा आटोपला आणि चौथ्या दिवशी आमच्या घरी एक मुलगी राहायला आली. नाशिककडची. पीएच.डी. करते. विषय विचारला तर म्हणाली, "डोंगराळ भागातली शेती आणि वन्यप्राणी यांच्यातला संघर्ष." आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. मागची डोंगराची ओळ तशीच उगवतीकडे यावल अभयारण्यापर्यंत जाते. गावात तिला खोली मिळेना. माझी मुलं नोकरीला बाहेर, दोन खोल्या रिकाम्या, म्हणून सरपंचांनी तिला माझ्याकडे आणून सोडलं. तीन आठवडे राहिली. ती गेल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. माझं नाव छापू नये ही विनंती. कारण पुढे येईलच.

तिच्याजवळ बावीस पानांची छापील प्रश्नावली होती. माणसं किती, जमीन किती, बागायत किती, कोरडवाहू किती, कोणता प्राणी येतो, कोणत्या महिन्यात येतो, किती क्विंटल गेलं, किती रुपयांचं गेलं, भरपाई मागितली का, मिळाली का. मी जन्मभर जिल्हा परिषदेची मास्तरकी केली. जनगणना केली, मतदारयाद्या केल्या, घरोघर जाऊन पशुगणनासुद्धा केली. रकाने भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. भराभर सांगत गेलो. मका दोन एकर, त्यातला निम्मा आडवा. केळीची खोडं उपटलेली, इतकी. कपाशीचे शेंडे रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खुडलेले, इतक्या ओळी.

आमची मंडळी चुलीपुढे भाकरी थापत होती. मान न वळवता तिने विचारलं, "खादं ते लिखी लिधं बेटा, पन पेरंच नही ते कोठे लिखशी?"

मुलीला अहिराणी येत नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, "खाल्लं ते लिहून घेतलंस, पण पेरलंच नाही ते कुठं लिहिशील, असं विचारतेय."

मुलीने बावीस पानं पुढून मागून चाळली. तसा रकाना नव्हता.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. काळ्या कसदार जमिनीत, पावसाळ्याच्या मुरलेल्या ओलीवर येते. भाकरी गोड आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. कडबा तर असा, की त्याची चव लागलेला बैल दुसऱ्या वैरणीकडे बघत नाही. नाल्याकडच्या आमच्या तीन एकरांत वडिलांच्या काळापासून दादर असायची. २०१९ नंतर नाही. शेवटच्या वर्षी कणसं भरत आली होती, आणि एका रात्रीत डुकरांचा कळप असा लोळून गेला की सकाळी वाटावं कोणी रोलर फिरवलाय. पुढच्या साली पेरली नाही. दादर नाही म्हणून कडबा नाही. विकतच्या कडब्यावर गुरं पोसवेनात, म्हणून आधी म्हैस गेली, मग बैलजोडी. ती मुलगी येण्याच्या चार दिवस आधी आम्ही पोळ्याला मातीचे बैल पुजले होते. भुईमूग तर त्याच्याही आधी सुटला. शेंगा जमिनीखाली असतात, त्या वाचत असतील असं शहरात वाटत असेल. पण डुक्कर नाकाडाने जे नांगरतं ते ट्रॅक्टरलाही जमत नाही. ज्या घरात पोत्याने शेंगा पडलेल्या असायच्या, त्या घरात आता दुकानातून अर्धा अर्धा किलो दाणे येतात.

प्रश्नावलीत या सगळ्याचे रुपये किती? शून्य. पेरलं नाही, म्हणून खाल्लं नाही, म्हणून गेलं नाही. गंमत अशी की कागदावर बघितलं तर २०१९ पासून माझं नुकसान कमी झालं आहे.

सगळं डुकरांच्या माथी मारायचं नाही. दादर मागे पडायला बाकीचीही कारणं आहेत. कापणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पाखरं राखायला पोरं नाहीत. मक्याला लगेच रोख पैसा येतो. बैल गेले त्यात ट्रॅक्टरचाही वाटा आहेच. मग यात डुकरांचा हिस्सा किती, चार आणे की बारा आणे? मला सांगता येणार नाही. आणि मला वाटतं, पीएच.डी. करावी ती नेमकी यासाठी. किती क्विंटल गेला हे तलाठीही सांगेल.

डुकरं वाढली त्यात आमचाही हात आहे. पूर्वी उन्हाळ्यात पायथ्याची शिवारं उघडी पडायची. आता ठिबकवर बारा महिने केळी. सावली आहे, ओल आहे, लपायला जागा आहे. केळीचा बाग म्हणजे डुकरांची धर्मशाळा. दिवसा तिथं झोपायचं आणि रात्री शेजारच्या मक्यात जेवायला जायचं. हे मी बोललो तेव्हा मुलीने लगेच लिहून घेतलं. माझ्या केळीवाल्या चुलतभावाने मात्र दोन दिवस तोंड फिरवलं.

ती आमच्यासोबत जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीलाही आली. मी नको म्हणत होतो, पण ती हट्टाला पेटली. चार बल्ल्यांवर फळ्या टाकलेला माळा, वर पत्रा, हाताशी बॅटरी, पत्र्याचा डबा आणि काठी. दाणा दुधात होता. बारापर्यंत ती ताठ बसून वहीत वेळ लिहीत होती. मी तिला आवाज ओळखायला शिकवलं. वाऱ्याने मका सळसळतो तो आवाज सलग असतो. डुक्कर शिरलं की आधी काहीच नाही, मग एकच कट् असा मक्याचं ताट मोडल्याचा आवाज, मग शांतता, मग चपचप. ती चपचप ऐकली की समजायचं, आता धावून उपयोग नाही, एक ताट गेलंच, दुसरं वाचवायचं. अडीचच्या सुमारास तिची मान खाली गेली. मीही डुलकी घेतली असणार, कारण कळप नाल्याच्या बाजूने शिरला ते आम्हाला कळलंच नाही. सकाळी ती चिखलात उतरली, दोरीने दहा मीटरचा चौकोन आखला आणि मोडलेली ताटं एकेक करून मोजली. मग न मोडलेल्यांतलीही मोजली, कारण काही उभी दिसत होती पण त्यांची कणसं सोललेली होती. बांधावरून बघताना मी म्हणालो होतो, चार आणे गेलं. तिच्या मोजणीत आठ आण्यांच्या वर निघालं.

तेव्हा तिने सांगितलं की ताडोबाच्या पश्चिमेकडच्या शेतांत प्रा. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच हिशेब केला होता. २०१६ साली तो छापून आला. बांधावर उभं राहून डोळ्याने केलेला अंदाज प्रत्यक्ष घटलेल्या उत्पन्नापेक्षा फारच कमी भरतो, असं त्यांना आढळलं. आता आपल्याकडचे पंचनामे कुठे उभं राहून होतात ते वाचकांना ठाऊक आहे. माझा एक अर्ज मी घटनेनंतर नियमाप्रमाणे तीन दिवसांत एका कचेरीत दिला होता. माणसं आली तोवर मी ती मोडलेली ताटं कापून शेजाऱ्याच्या गाईंना घातली होती. ठेवून तरी काय करणार? पाहणी करणारा मुलगा भला होता. म्हणाला, "गुरुजी, आता मी बघू काय?"

जागलीचं आणखी एक. खान्देशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. पूर्वी पैसे किती, धान्य किती, चपलांचे जोड किती, एवढंच बोलणं व्हायचं. आता समोरचा पहिलाच प्रश्न विचारतो : जागल आहे का? आहे म्हटलं की तो चहासुद्धा पूर्ण पीत नाही. त्यामुळे भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत अडुसष्ट वर्षांचा मी आणि गुडघे गेलेला माझा मोठा भाऊ आलटून पालटून माळ्यावर. बाकीचे उपाय आम्ही सगळे करून बसलोय. बांधाला जुन्या साड्या बांधल्या. न्हाव्याकडून केस आणून पसरले. एकाने मोबाइलवरची वाघाची डरकाळी भोंग्यावर लावली. तीन रात्री डुकरं आली नाहीत, चौथ्या रात्री भोंग्याखालीच चरत होती. कुंपणाच्या तारेला हलका विजेचा झटका देणारं झटका मशीन चालतं, खोटं कशाला बोलू. पण तारेला गवत टेकू द्यायचं नाही, बॅटरी उतरू द्यायची नाही, आणि ज्याच्याकडे मशीन नाही त्याच्या शेतात कळप वळतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. डुक्कर मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते म्हणतात. पण बंदूक कोणाकडे आहे?

आता नाव न छापण्याचं कारण. चार वर्षांपूर्वी मी पंपाच्या स्टार्टरवरून सरळ तार ओढली होती. बांबूच्या खुंट्या ठोकून, मक्याच्या दोन बाजूंनी. हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. अशा तारांना चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या आपणच छापता. घरी येऊन पडलो, पण डोळा लागेना. रात्री एकच्या सुमारास आठवलं, पलीकडच्या शेतात केळी कापायला आलेलं पावरा आदिवासी कुटुंब उतरलंय, आणि त्यांची दोन लहान पोरं पहाटे नाल्याकडे जातात. उठलो, पायात चप्पलही घातली नाही, बॅटरी घेऊन पळत गेलो आणि आधी फ्यूज काढला, मग तार गुंडाळली. हात एवढे कापत होते की गुंडाळी नीट होईना. ती गुंडाळी अजून रिकाम्या गोठ्यात खिळ्याला टांगलेली आहे. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिही. नाव मात्र टाकू नको.

संघर्ष हा शब्द तिने आणला. आमच्याकडे कोणी संघर्ष म्हणत नाही, 'राखाले जाणं' म्हणतात.

रात्री जेवणं झाल्यावर ती इतरांच्या प्रबंधांबद्दल सांगायची. त्यातला एक माझ्या ध्यानात राहिला. चारुदत्त मिश्रा यांचा. हिमाचलातल्या स्पितीमध्ये, किब्बर गावाच्या आसपास त्यांनी काम केलं, आणि २००१ साली नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठातून पीएच.डी. घेतली. तिथं डुकरं नाहीत. हिमबिबट्या आणि लांडगा. त्यांच्या १९९७ सालच्या एका लेखातले आकडे तिच्या वहीत होते. तीन गावं, ८० कुटुंबं, दीड वर्ष. लोकांच्या सांगण्याप्रमाणे तेवढ्यात १८९ जनावरं गेली, म्हणजे त्यांच्याकडच्या एकूण जनावरांतली १८ टक्के. मी गणित शिकवायचो, त्यामुळे मनात भागाकार झालाच : घरामागे दोनाहून जास्त. आणि सरकारी भरपाई? वर्षाच्या नुकसानीच्या ३ टक्के. शंभर गेले, तीन आले. हे ऐकून मंडळी म्हणाली, "त्येस्नी माय, आपलं बरं से." आपलं बरं आहे! मी हिशेब केला नाही, तिचा गैरसमज तसाच राहू दिला.

पण मला खरं पटलं ते पुढचं. त्याच लेखात त्यांनी असंही लिहिलं की आधीच्या दहा वर्षांत गावांतली जनावरं ३७.७ टक्क्यांनी वाढली होती, आणि त्रास वाढण्याशी त्याचा संबंध दिसतो. ज्यांच्या घरी बसून चहा प्यायचा त्यांनाच असं सांगायला हिंमत लागते. तरीही लोकांनी त्यांना हाकललं नाही. पुढे किब्बरच्या गावकऱ्यांनी स्वतः जनावरांच्या विम्याची योजना चालवली. म्हणजे प्रबंध कपाटात न राहता गावात परत आला. आमच्याकडे आजवर तीन-चार संशोधक येऊन गेले असतील. शेंगा खाल्ल्या, फोटो काढले, गेले. त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलेलं नाही. कळलं असतं तरी इंग्रजीत असणार.

आता माझ्या स्वतःच्या रकान्यांबद्दल बोलतो, कारण मुलीला नावं ठेवणं सोपं आहे. १९९० नंतर अकरा वर्षं मी वर डोंगरात, पावरा वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत होतो. तिथं गावठाण नसतं. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, एका टेकडीवर एक, दुसरं पलीकडच्या उतारावर. आमच्यासारखी गावात घर आणि दोन मैलांवर शेत अशी तऱ्हा नाही. त्यामुळे राखण घरातूनच होते, आणि घरातली राखण म्हणजे पोरांची राखण. ज्वारी-मका दाण्यावर आला की दिवसा माकडं आणि पोपट, रात्री डुकरं. माझ्या शाळेतला अर्धा पट त्या महिन्यात माळ्यांवर असायचा. शाळेच्या ओट्यावरून मला ते दिसायचे. गोफण फिरवताना, डबा बडवताना, कधी मलाच हात करताना. ती माणसं पावसाळ्यात वाघदेव पुजतात. वाघाने आपल्या हद्दीत राहावं, आपण आपल्या हद्दीत राहू, असा तो करार. डुकरांशी मात्र त्यांचाही काही करार झालेला मी पाहिला नाही.

तर मासिक अहवालात गैरहजेरीचं कारण लिहावं लागे. मी अकरा वर्षं 'आजारी' लिहिलं. 'राखणीला' असं लिहिलं असतं तर वरून प्रश्न आले असते, आणि एका मास्तराने किती प्रश्नांना उत्तरं द्यायची? सरकारदरबारी आमच्या वस्तीची पोरं दर भाद्रपदात आजारी पडत होती. कोणी औषधाची पेटी पाठवली नाही ते एक बरं. मंडळीने दादरीबद्दल विचारलं त्या रात्री मला पहिल्यांदा ते अहवाल आठवले.

मुलीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न : "गुरुजी, ते हजेरीपट अजून असतील का?" माहीत नाही म्हटलं. परवा फटफटीवर जाऊन आलो. शाळा नवी बांधलीय. जुनं कपाट आहे, किल्ली सापडत नाही. सध्याचे गुरुजी म्हणाले, शोधून ठेवतो.

संपादक महोदय, आता आपल्याशी थोडं भांडण. बिबट्या विहिरीत पडला की आपल्या पहिल्या पानावर रंगीत फोटो येतो. यायलाच हवा, २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात चाळीसगावकडे बिबट्याने माणसं मारली, ती दहशत खोटी नव्हती. पण तिथंही अभ्यासकांचं काम किती उपयोगी पडतं बघा. जुन्नरमध्ये बिबटे पकडून लांब जंगलात सोडत होते, आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं की त्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. पिंजरा लावा म्हणून आपणही अग्रलेखातून ओरडतो, तेव्हा हे कोणी सांगत नाही. आणि डुक्कर? डुकराचा फोटो कोण छापणार? त्याने फक्त मका खाल्ला.

२०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही पीक विम्यात घेणार. ७२ तासांत ॲपवर, जागेच्या खुणेसह फोटो टाकायचा. चांगलं आहे. आमच्या शिवारात रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं की येते, तेही करू. मोडलेल्या मक्याचा फोटो काढू. पण माझ्या तीन एकरांत आता कपाशी उभी असते, डुकरं तिला फारसं तोंड लावत नाहीत म्हणून. तिथल्या दादरीचा फोटो मी कसा काढू?

मुलगी गेल्यावर मी एक शंभर पानी वही घातली आहे. संध्याकाळी एकेका घरी जातो आणि तीनच प्रश्न विचारतो. काय पेरायचं सोडलं, कोणत्या साली, कशामुळे. आमची गल्ली झाली, वरची आळी सुरू आहे. एकजण म्हणाला हरभरा, पण डुकरांमुळे नाही, भावामुळे. तेही तसंच लिहिलं. एका म्हातारीने सांगितलं की ती बांधावर काकड्या-वाळकांचे वेल लावायची, नातवंडांसाठी. ते कोणत्या मापात धरायचं मला कळेना. 'वेल' एवढंच लिहून ठेवलंय. ज्यांना ही वही बघायची असेल, विद्यापीठातले असोत की विमा कंपनीतले, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. झेरॉक्स करून देईन.

येत्या भाद्रपदात ती मुलगी पुन्हा येणार आहे. नवी प्रश्नावली तिने व्हॉट्सॲपवर पाठवली. चोविसावा प्रश्न वाढवलाय : 'मागील दहा वर्षांत कोणते पीक घेणे बंद केले? कारण लिहा.' खाली टिंबांची एक ओळ. मंडळीला चष्मा लावून मोबाइल दाखवला. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, तिला कळव, जागा फार थोडी सोडलीय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव